तीन घरं मोकळी

रात्री साडेदहाला मुंजाजी परभणीहून जग चालू करायचा.
त्याच्याच कॉम्प्युटरवर होतं ते,
म्हणून त्याच्या गल्लीतली लाईट गेली
की आख्खा ग्रह थांबायचा :
पट्ट्यावरचं तांबं, भट्टीतला जाळ,
मी उचललेलं पाऊल.
मग फोनवर त्याचा आवाज, अंधारातून,
"डीपी जळाली. झोपा."

आम्ही चौघं.
अंबाजोगाईची दैवशाला हिशोब बघायची,
एका पट्ट्याला भट्ट्या किती, भट्टीला कोळसा किती,
पेन दातात धरून.
ते दिसायचं नाही, बोलण्यात ऐकू यायचं.

माझ्याकडं पाणी.
जालन्यात आमच्या गल्लीला आठव्या दिवशी नळ येतो,
त्यामुळंही असेल,
मी नदीकाठी पंप ठेवायचो आणि बघतच राहायचो.
एकदा लावला की लावला.
नंबर नाही, टँकर नाही, आटणं नाही.
मुंजाजी ओरडायचा, "आरं किती पंप!
तिकडं किडे भिंत खायलेत!"

किडे धुरामागं यायचे.
नकाशावर लाल डाग पसरला की त्यांना वास लागायचा.
वाजेद हसला होता पहिल्या दिवशी,
"आमच्या मिलचा धूर किती वर्षं पसरायलाय,
अजून कोणीच आलं नाही."

वाजेद रोलिंग मिलला.
शिफ्ट सुटली की तोंड न धुता बसायचा,
आणि त्याची एक खोड,
दोन पट्ट्यांच्या मधे तीन घरं मोकळी सोडायची.
दैवशाला चिडायची.
"वाजेदभाई, आख्खी एक रांग बसती तिथं!"
"आदमी किधर से जाएगा?"
"आदमी कुठंय यात? आपण चौघं,
अन् आपण तर पट्ट्यावरूनबी चालतो."
"फिर भी," म्हणायचा, आणि सोडायचाच.
एकदा तर त्या मोकळ्या जागेत
लाकडाची पेटी आणून ठेवली. म्हणे बाकडं. चहाला.
त्याच्या माघारी आम्ही ते मोडलं,
तिथून तारा नेल्या.

पोळ्याच्या आठवड्यात तो आलाच नाही.
पंधरा दिवसांनी आला तेव्हा
त्याचा माणूस तिरका तिरका चालत होता,
भिंतीला धडकत होता, बंदूक भलतीकडंच.
"काय रे, झोप आली का?" मुंजाजीनं विचारलं.
"नै. उल्टे हाथ से खेलरौं."
थोड्या वेळानं,
"सरिया उछली. लाल थी.
पीछे हटने को जगा नै थी."
एवढंच. मग म्हणाला,
तांबं का कमी पडायलंय ते बघा.

कोणी काही बोललं नाही.
हेडफोनात चार घरांचे पंखे फिरत होते.

तो गेल्यावर दैवशालानं
तिची सगळ्यात देखणी रांग,
अठ्ठेचाळीस भट्ट्या, महिन्याचं काम,
मधोमध उपटायला घेतली.
विचारलं नाही, सांगितलं नाही.
मी तारा सोडवल्या.
मुंजाजी किड्यांकडं पाठ करून पट्टे गुंडाळत राहिला,
एक कोपरा त्यांनी खाल्ला, खाऊ दिला.
मिनिटाला नव्वद प्लेटा निघायच्या,
त्या साठावर आल्या.
दातातलं पेन निघालं होतं,
वहीत तिनं काय लिहिलं, माहीत नाही.

पहाटे साडेतीनला मी त्या तीन घरांमधून
या टोकापासून त्या टोकाला चालून बघितलं.
दोन्हीकडं जाळ.
कुठं अडकलो नाही.
मग बाकड्यासाठी लाकूड तोडायला
नदीकडं निघालो,
आणि परभणीची लाईट गेली.